भाता, बाटला आणि मिनिटांचा हिशेब

मोठी आग विझली की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे एकच हिशेब सुरू होतो. वर्दी किती वाजता मिळाली, बंब किती वाजता निघाला, पोचला कधी? ठाण्यात या हिशेबात घोडबंदर रस्त्याची कोंडी येते, नवी मुंबईत सेक्टरच्या आतल्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी लावलेल्या गाड्या येतात. मग कुणीतरी उंच शिडीची किंमत काढतो, कुणी यंत्रमानव घ्या म्हणतो. आणि हमखास कुणाच्या तरी मोबाइलमधलं एक चित्रण फिरतं: धूर निघतोय आणि जवान दहा मिनिटं कोपऱ्यावर उभे. खाली शेरे पडतात, 'पगार कशाचा घेतात?' हे चित्रण पुढे पाठवणाऱ्यांत माझे चांगले शिकलेले मित्र असतात, म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे. दाबाखाली भरलेला ऑक्सिजन किंवा त्याच्या जातकुळीचा वायू जिथे असतो, तिथे बंब चार मिनिटं आधी येण्यापेक्षा, उतरल्या उतरल्या जवानाला आत काय आहे, किती आहे आणि बंद करायची चावी कुठे आहे हे कळणं जास्त मोलाचं. ते कळेपर्यंत कोपऱ्यावर थांबणं हा भित्रेपणा नव्हे. आणि ते कळवण्याची जबाबदारी अग्निशमन दलाची नाही, आपली आहे.

आधी त्या वायूकडे नीट बघू, कारण निम्मा घोळ नावात आहे. ऑक्सिजनला आपण प्राणवायू म्हणतो. ज्याच्या नावात प्राण आहे त्याला घाबरायचं कसं? त्यात शाळेत शिकलेलं अर्धवट आठवत असतं की ऑक्सिजन स्वतः जळत नाही. खरं आहे, जळत नाही. लोहाराचा भाताही जळत नाही. पण भाता मारला की विझत आलेले निखारे पांढरे होतात आणि लोखंड मऊ पडतं. दाबाखालचा ऑक्सिजन म्हणजे न थकणारा भाता. अमरकोशात अग्नीच्या नावांत 'वायुसख' हे नाव आहे, वायू ज्याचा सखा आहे तो. ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांना सिलिंडर माहीत नव्हता, तरी नातं बरोबर ओळखलं होतं. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. तो २३.५ टक्क्यांवर गेला की सुरक्षेच्या भाषेत ती हवा 'ऑक्सिजनने समृद्ध', म्हणजे धोक्याची. फरक फक्त अडीच टक्क्यांचा, आणि तो ना दिसतो ना वास येतो. अशा हवेत केस, चादर, गादी भराभर पेटतात. अग्निरोधक म्हणून घेतलेलं कापडही पेटू शकतं, जवानाच्या अंगावरच्या कोटासकट. रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीसचा हात लागला असेल आणि बाटल्याचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला, तर दाबाने तापलेल्या ऑक्सिजनमध्ये रेग्युलेटरच पेट घेतो. ठिणगीची गरज लागत नाही. गॅस कटिंगवाले म्हणूनच नव्या पोऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात, हात पुसून ये.

याच्या आणखी एका परिणामाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आग विझवण्याच्या आपल्या घरगुती कल्पनेत एक पायरी ठाम असते: हवा तोडा. कढईवर झाकण ठेवा, घोंगडी टाका, दार लावून घ्या. ऑक्सिजन जिथे इंधनाच्या शेजारीच साठवलेला आहे तिथे ही पायरी निकामी होते. १६ एप्रिल १९४७ ला अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात एका जहाजावर अमोनियम नायट्रेट या खताला आग लागली. माल भिजून खराब होऊ नये म्हणून कप्तानाने तळघराची झाकणं बंद करून आत वाफ सोडायला सांगितली. झाकण आणि वाफ, दोन्ही हवा तोडण्याचेच उपाय. पण त्या खताच्या कणाकणात स्वतःचा ऑक्सिजन होता आणि वाफेने ते फक्त तापत गेलं. स्फोटात ५८० च्या आसपास माणसं गेली, त्यांत गावच्या अग्निशमन दलाचे २७ जण. ११ मे १९९६ ला फ्लोरिडात व्हॅल्यूजेटचं विमान पडलं, ११० जण गेले. सामानाच्या ज्या कप्प्यात आग लागली तो मुद्दाम हवाबंद केलेला होता, आग गुदमरून विझावी म्हणून. नेमक्या त्याच कप्प्यात रसायनांपासून ऑक्सिजन तयार करणाऱ्या नळकांड्यांचे खोके ठेवले होते, आणि कागदांवर लिहिलं होतं 'रिकामे'. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता आपल्या गावात या. वागळे इस्टेट, तुर्भे, महापे, रबाळे, तळोजा ही नावं ऐकली की आपल्याला कारखाने दिसतात. तिथे निदान सुरक्षा अधिकारी असतो, तालीम होते. माझी चिंता कारखान्याबाहेरची आहे. शिळफाट्याकडच्या भंगाराच्या गोदामांत ऑक्सिजनचा काळा बाटला आणि ॲसिटिलिन या पेटणाऱ्या वायूचा तपकिरी-लाल बाटला एकाच साखळीने बांधलेले असतात, साखळी असली तर. नर्सिंग होमच्या जिन्याखालच्या खोलीत आठ-दहा जंबो सिलिंडर एका नळीला जोडलेले असतात. एकेका जंबोत सुमारे ७ हजार लिटर वायू, वातावरणाच्या दीडशे पट दाबाने कोंबलेला. दाताच्या दवाखान्यात निळ्या बाटल्यात नायट्रस ऑक्साइड असतो, तोही आगीचा सखाच. पाणी शुद्ध करायला क्लोरीन असतो, जो विषारी म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण तापलेलं पोलाद त्यात चक्क जळतं हे फार कमी लोकांना माहीत असतं. शिवाय क्लोरीनच्या गळतीवर थेट पाणी मारलं की आम्ल तयार होऊन भोक मोठं होतं. आणि करोनानंतर बाटले घराघरांत पोचले. वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या पलंगाशेजारी एक, देवघरात निरांजन, मधे एक पडदा.

मिनिटांचं महत्त्व मी नाकारत नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालकं गेली. २३ एप्रिलला विरारमध्ये अतिदक्षता विभागात किमान १३ रुग्ण गेले. पाच दिवसांनी, २८ एप्रिलच्या पहाटे, आपल्या मुंब्र्यात एका खासगी रुग्णालयात आग लागली आणि रुग्णांना दुसरीकडे हलवताना ४ जण दगावले. ज्याला नळ्या लावलेल्या आहेत त्याला धूर पाच मिनिटंही देत नाही. तिथे 'थांबा, माहिती घ्या' म्हणणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटेल. पण मग २७ जानेवारी १९६७ आठवा. अपोलो-१ ची चाचणी चालू होती, यान जमिनीवरच होतं, आत तीन अंतराळवीर आणि हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन. मदतीला यायची माणसं कुठल्या केंद्रावर नव्हती, दाराबाहेर उभी होती. म्हणजे पोचायला लागलेला वेळ जवळपास शून्य. तरी दार उघडायला सुमारे पाच मिनिटं गेली आणि तिघेही वाचले नाहीत. साध्या हवेत जेमतेम धुमसलं असतं असं नायलॉन आणि वेल्क्रो आत भडकून जळलं होतं. बाहेरच्या माणसांची चपळाई कमी पडली का? की शुद्ध ऑक्सिजनचा अर्थ त्या दिवसाआधी कुणी गंभीरपणे घेतलाच नव्हता?

याहून जड आक्षेप डॉक्टरांचा आहे, आणि त्याचं उत्तर सोपं नाही. ते म्हणतात, कारखान्यात वायू बंद करा म्हणणं ठीक. रुग्णालयात तो बंद केला तर आगीने मरायच्या आधी माणूस श्वासावाचून मरेल. यासाठी दूर जायला नको, नाशिक पुरे. २१ एप्रिल २०२१ ला तिथल्या महापालिकेच्या रुग्णालयात टाकीत द्रव ऑक्सिजन भरताना गळती झाली. आवारात पांढरे ढग पसरले, नळीतला दाब घसरला आणि व्हेंटिलेटरवरचे किमान २२ रुग्ण गेले. आग लागलीच नव्हती. इथे बंब किती मिनिटांत आला या प्रश्नाला काय अर्थ उरतो? ऑक्सिजनचं हे दुधारीपण फक्त रुग्णालयात आहे: असला तर आग, नसला तर मरण. म्हणूनच मुख्य चावी कुणी फिरवायची हा निर्णय धुरात उभ्या असलेल्या एकट्या स्टेशन ऑफिसरवर टाकणं अन्यायाचं आहे. पण नीट बांधलेल्या रुग्णालयात संपूर्ण इमारतीची एकच चावी नसते. दर विभागाच्या बाहेर, भिंतीतल्या छोट्या पेटीत, त्या विभागापुरता व्हॉल्व्ह असतो आणि दाब दाखवणारं घड्याळ असतं. ज्या वॉर्डात आग आहे तेवढाच बंद करा, वरच्या मजल्याचा चालू ठेवा, बंद केलेल्या वॉर्डातल्या रुग्णांना छोटे बाटले लावून बाहेर काढा: कागदावर हे शक्य असतं. प्रत्यक्षात? त्या पेटीपुढे सलाइनचे खोके रचलेले असतात किंवा शोभेची कुंडी. रात्रपाळीच्या सिस्टरला विचारा, तुमच्या वॉर्डाचा व्हॉल्व्ह कुठला. जिला माहीत आहे ती त्या रात्री दहा माणसं वाचवेल, आणि जिला माहीत नाही तिचा यात काडीचा दोष नाही, तिला कुणी दाखवलेलाच नसतो. डॉक्टरांचा आक्षेप मला मान्य आहे. पण तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही, त्याला धारच लावतो. बंद करायचं की नाही हे आगीच्या वेळी ठरवता येत नसेल, तर आधी ठरवून ठेवायला हवं, आणि बंबावरच्या माणसाला ते माहीत असायला हवं.

'पण नियम आहेत ना!' हे तिसरं उत्तर, आणि ते सरकारी कार्यालयातून येतं. आहेत, भरपूर आहेत. १८८४ चा स्फोटकांचा कायदा आहे, त्याखाली २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत, नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना आहे, महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. अडचण नियम नसण्याची नाही, चाळणीच्या भोकांची आहे. सिलिंडर नियमांत ठरावीक संख्येपर्यंतचे बाटले परवान्याशिवाय ठेवता येतात, आणि न पेटणाऱ्या, बिनविषारी वायूंना ही सवलत पेटणाऱ्या वायूंपेक्षा कितीतरी मोठी आहे. ऑक्सिजन कुठल्या रांगेत बसतो? न पेटणाऱ्या, बिनविषारी. भाता पुन्हा निर्दोष सुटला. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत द्रव ऑक्सिजनसाठी खालची मर्यादाच २०० टनांची आहे. रुग्णालयाच्या आवारातली १० हजार लिटरची टाकी म्हणजे जेमतेम साडेअकरा टन, ती खाली पडून जाते. पण तेवढ्याचा वायू झाला तर साधारण ८६ लाख लिटर होतो. आणखी एक विसंगती बघा. वाशीच्या खाडीपुलावरून जाणाऱ्या टँकरवर आत काय आहे, त्याचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक काय (द्रव ऑक्सिजनचा १०७३), तातडीत काय करायचं, ही पाटी मोटार वाहन नियमांनी सक्तीची केलेली आहे. तोच वायू बाटल्यांत भरून गल्लीतल्या जिन्याखाली गेला की रस्त्यावरून आलेल्या जवानाला ते सांगणारं काहीच उरत नाही. धावत्या गाडीवर पाटी हवी, मग उभ्या इमारतीवर का नको?

मी मागतोय ते एवढंच. दाराशी, रस्त्यावरून वाचता येईल अशी एक पाटी: कुठला वायू, किती बाटले, कुठल्या खोलीत, मुख्य चावी कुठे, रात्री फोन कुणाला करायचा. तिची एक प्रत जवळच्या अग्निशमन केंद्रात. यावर अनुभवी मंडळी हसतात: आणखी एक रजिस्टर, पहिल्या वर्षी भरलं जाईल, दुसऱ्या वर्षी वाळवी खाईल. हसण्यात तथ्य आहे. माझ्या ओळखीच्या एका कार्यालयातल्या आराखड्यावर पाडलेली इमारत अजून उभी आहे. पण नवं रजिस्टर हवंय कुणाला? इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घ्यावाच लागतो. तो माणूस आग विझवायची नळकांडी तपासायला येतोच. त्याने जिन्याखालचे बाटलेही मोजावेत, अर्धं पान वाढवावं. बाटले भरून देणाऱ्याकडे कुणाला किती दिले याची बिलं असतातच, कारण त्याला पैसे वसूल करायचे असतात. माहिती आहे, ती फक्त ज्याच्या जिवावर बेतू शकतं त्याच्याकडे नाही. राहिला घातपाताचा मुद्दा, की पाटी वाचून वाईट माणूस फायदा घेईल. वाईट माणसाला बाटले शोधायला पाटी लागत नाही. सकाळी आठला टेम्पो कुठे थांबतो हे बघितलं तरी पुरतं.

आता त्या कोपऱ्यावर उभ्या जवानांकडे. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर उकळतो. त्याचा पांढरा ढग दिसतो तो मुळात हवेतली वाफ गोठून. ऑक्सिजन त्या ढगाच्या कडेपलीकडेही असू शकतो. त्या ढगात डिझेलचा बंब नेणं म्हणजे भात्यापुढे शेगडी नेणं. द्रव डांबरी रस्त्यावर सांडला असेल तर तो डांबरात मुरतो, आणि त्यावर नुसता बूट आपटला तरी स्फोट होऊ शकतो. टाकीपुढे टँकर उभा करायचा ओटा काँक्रीटचा करतात तो यासाठी. गळतीच्या तोंडावर पाण्याचा मारा करायचा नसतो, कारण सुरक्षा व्हॉल्व्हवर बर्फ धरतो. मात्र शेजारी आग असेल तर बाटल्यांवर लांबून, आडोशामागून, भरपूर पाणी मारत राहायचं असतं, आग विझल्यावरसुद्धा बराच वेळ. ढगातून बाहेर आलेल्या जवानाच्या कपड्यांत ऑक्सिजन मुरलेला असतो. त्याला मोकळ्या हवेत उभं ठेवतात, निदान पाव तास, ठिणगीपासून दूर. चित्रणात 'नुसता उभा' दिसणारा माणूस कदाचित हेच करत असतो. उत्तर अमेरिकेतल्या बंबांवर जी आपत्कालीन मार्गदर्शिका असते, तिच्यात ऑक्सिजनच्या गळतीसाठी सुरुवातीलाच चारी बाजूंनी १०० मीटर जागा मोकळी करायला सांगितलं आहे, आणि टँकरच आगीत सापडला तर ८०० मीटर. तीन पेट्रोल पंप, तलाव, तलावाजवळची बाजारपेठ अशा जुन्या ठाण्यात ८०० मीटरचं वर्तुळ काढून बघा, किती माणसं आत येतात. हो, आणि जवानाच्या पाठीवरच्या नळकांड्यात ऑक्सिजन नसतो, साधी हवा असते, दाबाने भरलेली. 'ऑक्सिजन लावून जवान आत शिरले' असं वर्तमानपत्रं लिहितात; तसं खरंच असतं तर तो आणखी एक बाटला आगीत घेऊन शिरला असता.

न थांबता, न कळता आत गेलेल्यांचं काय होतं हेही माहीत आहे. १२ ऑगस्ट २०१५ ला चीनमध्ये तिआनजिन बंदराच्या गोदामात आग लागली. पहिल्या तुकड्या झटपट पोचल्या, गोदामात काय साठवलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मृत आणि बेपत्ता १७३, त्यांतले १०४ अग्निशमन दलांचे. मिनिटांच्या हिशेबात त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. आणि आपण दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो, तो कशासाठी? १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर कापूस आणि दारूगोळा एकाच पोटात होता. दुपारभर जवान त्यावर पाणी मारत होते. चारच्या सुमाराला जहाज फुटलं आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. कुणी उशिरा आल्यामुळे नाही. ते वेळेवर आले होते आणि शेवटपर्यंत जागेवर होते.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत मी विचारलं, आपल्या दोन इमारतींत ऑक्सिजनचे बाटले किती घरांत आहेत? सेक्रेटरींना माहीत नव्हतं. एका काकूंनी, हे विचारणं म्हणजे आजाऱ्याच्या घरात डोकावणं आहे, असं सुनावलं. त्यांचंही अगदीच चुकीचं नव्हतं. सभा लिफ्टच्या देखभालीकडे वळली. खाली उतरलो तर रखवालदार म्हणाला, "साहेब, तीन घरं. चौथा, अकरावा आणि सतरावा मजला." त्याला कसं ठाऊक? टेम्पोवाला भरलेला बाटला वर नेतो आणि परतीचा याच्या केबिनमागे ठेवून जातो, शनिवारी एकदम उचलायला. मी मागे जाऊन बघितलं. चार बाटले भिंतीला टेकून उभे होते, साखळी नाही, एकाच्या व्हॉल्व्हवर टोपी नाही, शेजारी डासांची कॉइल जळत होती. कॉइल उचला म्हटलं, तर तो हसला. म्हणाला, "ते रिकामे आहेत."